जकातीच्या खटल्यातील गैरहजर पक्षकार

आपल्या घरात तेलाचा डबा येतो, त्या दिवशी आपण सरकारला एक कर भरीत असतो. ही गोष्ट आपल्यापैकी किती कुटुंबांना ठाऊक आहे? दुकानदाराच्या पावतीवर तो कर लिहिलेला नसतो. तो बंदरावर घेतला जातो, मालाच्या किमतीत मिसळतो आणि घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार असे टप्पे ओलांडीत आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचतो. त्याचे नाव आयात जकात.

अलीकडचेच उदाहरण घ्या. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पामतेलावरील, सोयाबीन तेलावरील आणि सूर्यफूल तेलावरील एकंदर आयात जकात शेकडा ५.५ वरून शेकडा २७.५ वर नेली. म्हणजे परदेशातून १०० रुपयांचे कच्चे तेल बंदरात उतरले, तर आदल्या दिवशी त्यावर साडेपाच रुपये पडत होते, ते आता साडेसत्तावीस पडू लागले. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. तेव्हा हा बोजा कोणा श्रीमंताच्या चैनीवर पडला असे समजू नका. तो घराघरांतल्या फोडणीवर पडला.

या वाढीचे कारण सांगण्यात आले ते सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या हिताचे. कारण उत्तम होते. पण परिणाम काय झाला? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि जकात चढल्यावरही मराठवाड्याच्या व विदर्भाच्या बाजारांत शेतकऱ्याच्या हाती सामान्यतः त्याहून कमीच पडत राहिले. यात गूढ काही नाही. सोयाबीनच्या दाण्यात तेल सुमारे शेकडा १८. उरलेला मोठा भाग पेंडीचा. जगाच्या बाजारात पेंड उतरली की दाणा उतरतो. तेलावरची जकात त्याला सावरू शकत नाही. इकडे जुन्या जकातीने आणून ठेवलेल्या साठ्याचे भाव वाढवू नका, असे सरकारला तेल कंपन्यांना सांगावे लागले. पुढे ३० मे २०२५ रोजी सरकारनेच कच्च्या तेलावरील जकात शेकडा १६.५ पर्यंत खाली आणली. गिऱ्हाइकाने दिले, शेतकऱ्याच्या पदरात पडले नाही. मग मधला पैसा कोठे गेला, हा प्रश्न कोणी विचारला?

मी वकिलीचा धंदा करतो. कायद्याच्या महाविद्यालयात अगदी आरंभी आम्हांला एक तत्त्व शिकविले गेले, ते असे की दुसरी बाजू ऐकून घेतल्यावाचून कोणाविरुद्ध निकाल देऊ नये. जकातीचा प्रत्येक निर्णय हा एक खटला असतो. त्यात कारखानदार वादी असतो, परदेशी व्यापारी प्रतिवादी असतो आणि सरकार न्यायाधीश असते. मात्र ज्याच्या खिशातून हुकूमनाम्याची रक्कम वसूल व्हावयाची, तो गरीब गिऱ्हाईक आणि त्या कारखान्यात राबणारा मजूर यांना पक्षकारच केलेले नसते. माझी सारी तक्रार या एका गोष्टीविरुद्ध आहे.

सोन्याचा हव्यास

जकातीची भिंत उभारली म्हणजे राष्ट्र श्रीमंत होते, ही कल्पना नवी नाही. युरोपात सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत व्यापारवाद नावाचा एक पंथ प्रबळ होता. ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक टॉमस मन याने या मताचे पुस्तक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६६४ साली छापले गेले. परक्यांना अधिक विकावे, परक्यांकडून कमी घ्यावे, म्हणजे शिल्लक सोन्याचांदीच्या रूपाने देशात येते आणि देश संपन्न होतो, असे या पंथाचे सार होते. देशाला त्याने एका दुकानाप्रमाणे मानले. दुकानाच्या गल्ल्यात पैसा आला की नफा झाला! परंतु त्या दुकानात मालक कोण, नोकर कोण आणि गल्ल्याची किल्ली कोणाच्या कमरेला, हा प्रश्न या पंथाने कधी विचारला नाही.

या मताचे फळ आपल्या देशाने चाखले आहे. हिंदुस्थानातील छिटाचे कापड इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाले, तेव्हा तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली. १७०० साली पार्लमेंटने कायदा करून छापील सुती कापडाच्या आयातीस बंदी घातली. तेवढ्याने भागेना. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यात छिटाचे कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले. १७२१ साली असे कापड वापरण्यावरच बंदी आली. स्वस्त आणि सुंदर कापड अंगावर घालणे हा ज्या बाईचा गुन्हा ठरला, तिला पार्लमेंटात मत नव्हते. इकडे ज्या विणकराचा माल अडविला गेला, त्याचे तर तेथे नावही कोणाला माहीत नव्हते.

१७७६ साली ॲडम स्मिथ याने या पंथावर प्रहार केला. माल निर्माण करावयाचा तो कोणी तरी वापरावा म्हणून. असे असता व्यापारवाद वापरणाऱ्याचे हित उत्पादकाच्या हितासाठी बळी देतो, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. आजही त्याला उत्तर मिळालेले नाही.

आता एक साधा प्रश्न. जकातीने संपत्ती वाढत असेल, तर आपल्या संविधानाने प्रत्येक तालुक्याला ती बसविण्याचा अधिकार का दिला नाही? उलट अनुच्छेद ३०१ ने भारताच्या साऱ्या भूमीवर व्यापार मुक्त ठेवला. कोल्हापूरचा गूळ नागपुरात आला म्हणून विदर्भ बुडाला, असे कोणी म्हणत नाही. मुंबईच्या वेशीवरची जकात १ जुलै २०१७ रोजी नव्या करपद्धतीबरोबर गेली, तेव्हा मुंबईकर दरिद्री झाला नाही. तेव्हा अडविण्यात आपोआप श्रीमंती नाही, एवढे तरी मान्य झाले पाहिजे.

पोटावर बसविलेली जकात

जकात कोणासाठी असते, हे इंग्लंडच्या धान्य कायद्यांइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही दाखविलेले नाही. १८१५ साली तेथील पार्लमेंटने ठरविले की, देशातील गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांपर्यंत चढल्याखेरीज परदेशी गहू बाजारात विकू द्यावयाचा नाही. नाव होते राष्ट्राच्या शेतीच्या रक्षणाचे. पण पार्लमेंटात कोण बसले होते? जमीनदार! गहू महाग झाला की जमिनीचा खंड वाढे, आणि खंड त्यांच्याच घरी जाई. गिरणीतल्या मजुराला मात्र महाग पाव घ्यावा लागे. पुढे मँचेस्टरमधून कॉब्डेन आणि ब्राइट यांनी या कायद्यांविरुद्ध चळवळ उभारली आणि १८४६ साली ते रद्द झाले.

येथे कोणी घाईने टाळ्या पिटू नयेत. त्या चळवळीला पैसा पुरविणारे गिरणीमालकही काही संतमहात्मे नव्हते. मजुराचा पाव स्वस्त झाला तर मजुरी कमी ठेवता येईल, असा हिशेब त्यांतील अनेकांचा होता, आणि मजुरांच्या पुढाऱ्यांनी तो तेव्हाच ओळखला होता. जमीनदाराचे संरक्षण आणि गिरणीमालकाचा खुला व्यापार या दोघांच्या भांडणात मजुराचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले जात होते. नाव घेणे वेगळे आणि वाटा देणे वेगळे.

खुल्या व्यापाराचा खोटा मुखवटा

संरक्षक जकातीवर मी एवढे बोललो म्हणून खुल्या व्यापाराचा जयजयकार करणाऱ्यांनी मला आपला वकील समजू नये. त्यांचेही दप्तर तपासले पाहिजे.

ज्या इंग्लंडने आपल्या कापडाला दारे लावून घेतली, त्याच इंग्लंडने स्वतःच्या गिरण्या प्रबळ झाल्यावर आपल्याला खुल्या व्यापाराचा उपदेश केला. १८८२ साली हिंदुस्थानातील विलायती कापडावरची आयात जकात काढून टाकण्यात आली. पुढे सरकारी तिजोरीची ओढाताण झाली म्हणून ती पुन्हा बसवावी लागली. तेव्हा लँकेशायरच्या मालकांना राग येऊ नये म्हणून १८९६ साली विलायती कापडावर शेकडा साडेतीन जकात आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही शेकडा साडेतीन अबकारी कर, अशी तजवीज झाली. स्वतःच्या देशात विणलेल्या कापडावर परक्या मालाची बरोबरी करण्यासाठी कर! हा अन्यायी कर १९२५ च्या डिसेंबरात स्थगित झाला आणि १९२६ साली रद्द झाला. बलवानाने दुर्बळाच्या मानेवर बसून सांगितलेला खुला व्यापार खुला नसतो. मल्ल आणि उपाशी पोर यांना एकाच आखाड्यात उतरवून ‘नियम दोघांना सारखे’ असे म्हणणे म्हणजे न्याय नव्हे, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही.

म्हणूनच १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी विलायती अर्थशास्त्राचे सिद्धांत हिंदुस्थानला जसेच्या तसे लावण्यास विरोध केला. कोवळ्या धंद्याला काही काळ आडोसा लागतो, हे मत चुकीचे नाही. रोपट्याला कुंपण घालतात. परंतु झाड छपराएवढे झाल्यावरही जो कुंपण काढू देत नाही, त्याला झाडाची नव्हे, कुंपणाच्या आतल्या फळांची काळजी असते.

आडोशात कोण बसले?

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. १९३० साली कापड गिरण्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. ब्रिटिश कापडावर शेकडा १५ आणि ब्रिटिशेतर कापडावर शेकडा २० जकात बसली. जपानचे स्वस्त कापड येतच राहिले, म्हणून ब्रिटिशेतर कापडावरची जकात १९३२ च्या ऑगस्टात शेकडा ५० आणि १९३३ च्या जूनमध्ये शेकडा ७५ झाली. शेकडा पाऊणशे! स्वस्त जपानी कापड कोण घेत होते? ज्याच्या अंगावर दुसरे लुगडे नव्हते ती बाई, की मलबार हिलवरचा शेट?

बरे, तिने राष्ट्रासाठी हा भार सोसला असे म्हणू. त्या भाराच्या मोबदल्यात गिरणीतल्या मजुराला काय मिळाले? याच १९३३-३४ च्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी मजुरीत कपात केली आणि १९३४ च्या एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप झाला. मंदी होती, गिरण्या अडचणीत होत्या, हे मी नाकारीत नाही. परंतु अडचणीत मालकाला जकातीचा आधार आणि मजुराला कात्री, ही वाटणी कोणत्या न्यायाने?

याहून कडू गोष्ट पुढेच आहे. त्याच गिरण्यांत विणाई खात्याची दारे आपल्या माणसांना बंद होती. धोट्यात दोरा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला दोरा सवर्ण विणकराला चालत नसे. चांगली मजुरी विणाई खात्यात होती, आणि आपल्या वाट्याला आली ती कमी पगाराची खाती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. लक्षात घ्या, परदेशी मालाला बंदरात अडविण्याची मागणी करणाऱ्या उद्योगात देशी माणसाला खात्याच्या दारात अडविले जात होते. बंदरावरची भिंत राष्ट्राच्या नावाने मागितली गेली; खात्याच्या दारातली भिंत कोणाच्या नावाने उभी होती?

जुन्या गावगाड्यात आपल्याला हिणविण्यासाठी एक म्हण होती: पाटलाचे घोडे आणि महाराला भूषण. घोडे त्याचे, दाणा घालणारे आपण आणि घोड्याचा अभिमान बाळगावयाचा तोही आपणच! गावगाडा आपण सोडला. पण ‘राष्ट्राचा उद्योग’ म्हणून ज्या नफ्यात आपला वाटा नाही त्याचा अभिमान बाळगा आणि वर त्यासाठी महाग कापड घ्या, असे सांगणारे अद्याप भेटतात. त्यांना ही म्हण परत करावी.

बाबासाहेबांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात याच भ्रमावर बोट ठेवले आहे. रुपयाचा भाव पडला की निर्यात वाढते आणि देशाची भरभराट होते, असे तेव्हा अनेक मोठे लोक सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले की हा फायदा येतो कोठून? किमती वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही. म्हणजे निर्यात करणाऱ्याच्या हाती जे अधिक पडते, ते परदेशातून आलेले धन नसून येथल्याच मजुराच्या ताटातून उचललेला घास असतो. एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेल्या पैशाला राष्ट्राचा लाभ म्हणू नये. जकातीची कसोटी हीच आहे.

तर मग मागावयाचे काय?

कोणी म्हणेल, ‘वकीलसाहेब, तुम्ही दोन्ही बाजूंना झोडपता, मग तुमची बाजू कोणती?’ माझी बाजू गैरहजर पक्षकाराची. त्याच्या वतीने तीन मागण्या मांडतो.

पहिली मागणी पुराव्याच्या ओझ्याची. जो दुसऱ्याच्या खिशात हात घालू इच्छितो, त्याने आपला हक्क सिद्ध केला पाहिजे. जकात मागणाऱ्या कारखानदाराने दाखवावे की, हा भार किती कुटुंबांवर किती पडेल आणि त्यातून किती मजुरांना किती मजुरीचे काम मिळेल. जुन्या शास्त्रांना आपण पुराव्यावाचून मान देण्याचे नाकारले. ‘राष्ट्रहित’ हा शब्द उच्चारताच मान लवविण्यासाठी ते केले नव्हते.

दुसरी मागणी मुदतीची. १९९० च्या सुमारास भारतात काही वस्तूंवरील जकात शेकडा ३०० च्याही वर होती. चार दशके ज्या धंद्यांना आडोसा मिळाला, त्यांतील कित्येकांनी त्याचा उपयोग माल सुधारण्यासाठी केला नाही. गिऱ्हाइकाने नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे, अशी स्थिती होती. १९९१ नंतर भिंती उतरल्या आणि २००७-०८ पर्यंत शेतीबाहेरच्या मालावरचा सर्वसाधारण कमाल दर शेकडा १० वर आला. ज्या संरक्षणाला शेवटची तारीख नसते, त्याला इनाम म्हणतात, आणि इनामे कोणाच्या घरी साठत होती हे आपल्याला ठाऊक आहे.

तिसरी मागणी सुनावणीची. परदेशी माल त्याच्या घरच्या किमतीहून स्वस्त दराने येथे ओतला जात असेल, तर १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाखाली त्यावर डंपिंगविरोधी जकात बसविता येते. तिला पाच वर्षांची मुदत आहे, ती फेरतपासणीनंतर वाढविता येते. १९९५ च्या नियमांत ‘हितसंबंधी पक्ष’ कोण, हे सांगितले आहे: परदेशी उत्पादक, निर्यातदार, आयातदार, त्या देशाचे सरकार आणि येथले उत्पादक. गिऱ्हाइकांच्या प्रातिनिधिक संघटनांना माहिती पुरविण्याची संधी आहे, तीही किरकोळ विक्रीच्या मालापुरती. मजुराचा तर त्या यादीत उल्लेखही नाही. आणि तेलावर बसली तशा साध्या जकातीला एवढीही चौकशी लागत नाही. अधिसूचना निघते आणि दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू होतो. या यादीत मजूर आणि गिऱ्हाईक यांची नावे पक्षकार म्हणून लिहिली गेली पाहिजेत.

हीच कसोटी खुल्या व्यापाराच्या करारांनाही लावा. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. आपल्या चामड्याच्या पादत्राणांवरील जकात काढण्याचे ब्रिटनने त्यात मान्य केले. चांगले झाले. त्याच्या महिनाभर आधी मिलान शहरात एका बड्या इटालियन कंपनीने कोल्हापुरी वहाणांसारख्या वहाणा मिरविल्या आणि आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. कोल्हापुरी वहाणेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कातडे कमावणारे आणि वहाण शिवणारे हात कोणाचे, हे सांगावयास नको. विलायतेत जकात उतरली म्हणून त्या हातांची मजुरी वाढेल काय, की मधला व्यापारी वाढावा घेऊन जाईल? करारात याचे उत्तर नसते. ते कारागिरांच्या संघटनेने, सहकारी संस्थेने आणि लेखी करारपत्राने मिळवावे लागते. उलट बाजू पाहा. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारताच्या पुष्कळशा मालावर शेकडा ५० जकात बसविली. ती बंदरावर भरली अमेरिकेच्या आयातदाराने. पण मागणी आटण्याची भीती पसरली ती इकडच्या कापडाच्या, चामड्याच्या आणि कोळंबीच्या धंद्यात. अशा वेळी आधी सुट्टी मिळते ती कंत्राटी मजुराला, कारण त्याला काढताना नोटीस द्यावी लागत नाही असे मालक धरून चालतो. तेव्हा भिंत उभारताना जसे विचारावयाचे, तसेच भिंत पाडतानाही विचारावयाचे: ज्याचे काम जाईल त्याची तरतूद काय?

बंधुभगिनींनो, हा विषय विद्वानांचा म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या विहारात सभा भरते, महिला मंडळाची बैठक होते, तेथे अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन बसा. कोणत्या मालाची जकात वाढली, कोणाची उतरली, ती कोणी मागितली होती, हे शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून मोठ्याने वाचून घ्या. उमेदवार मत मागण्यास येईल, तेव्हा त्याला तेलाच्या डब्याचा हिशेब विचारा आणि कारखान्यातल्या कंत्राटी मजुराचा हिशेबही विचारा. आपल्या खासदाराला पत्र लिहा, त्याची एक प्रत जवळ ठेवा आणि उत्तर आले नाही तर दुसरे पत्र लिहा. वकील या नात्याने एवढे सांगतो की, जो पक्षकार हजर राहात नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होतो. तो निकाल फिरवून घ्यावयाचा असेल, तर आधी न्यायालयात उभे राहून आपले नाव सांगावे लागते.